सायकल ट्रॅक झाला, आता पोलिसांनी आणि आपण काय करायचं?

तिरकी_चेन

मंडळी, धागा जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

मुलगी यंदा सातवीत. शाळा घरापासून दीड किलोमीटर, मध्ये चढ नाही आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त रस्त्याला लाल फरशीचा सायकल ट्रॅक आहे. (पुण्यातलं कोथरूड. रस्त्याचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर चर्चा 'तुमच्या रस्त्यापेक्षा आमचा वाईट' इकडे जाईल.) तरीही जूनपर्यंत मी तिला स्कूटरवर सोडत होते, कारण त्या ट्रॅकवर सायकल सोडून सगळं होतं. एका मंगळवारी वही घेऊन चालत गेले. उभ्या चारचाकी नऊ. दुचाकी मोजायचा नाद सोडला. उसाचं गुऱ्हाळ एक, शहाळ्यांचा ढीग एक, मांडवाचे बांबू (बारमाही) आणि प्लास्टिकची खुर्ची टाकून पेपर वाचणारे एक काका. काकांना म्हटलं, हा सायकल ट्रॅक आहे. ते म्हणाले, "हो, त्यामुळेच इथे शांत असतं."

मग खांबांकडे लक्ष गेलं. स्कूटर आत येऊ नये म्हणून ट्रॅकच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवलेत. टेप आणून मोजलं. माझ्या सायकलचं हँडल ६० सेंटिमीटर, आमच्या स्कूटरचं ७०. म्हणजे खांबांमधली जागा या दोन आकड्यांच्या मध्ये अगदी नेमकी बसली तरच सायकल जाईल आणि स्कूटर अडेल. प्रत्यक्षात तिथे ९२ सेंटिमीटर आहे, स्कूटर आरशांसकट जाते. पुढच्या तोंडाशी ५५, तिथे मला सायकल उचलावी लागते. आणि समजा कुणी नेमकी ६५ ठेवलीच, तर हातानं चालवायच्या तीनचाकीवरच्या अपंग माणसानं जायचं कुठून? त्यामुळे 'खांब लावा' हे उत्तर मी तरी डोक्यातून काढून टाकलंय. लोखंडाला सायकल आणि स्कूटर वेगळी ओळखता येत नाही, ते काम माणसालाच करावं लागतं.

कागदावर आपल्याकडे कशाचीच कमी नाही. २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट बीआरटी (बससाठी राखीव मार्गिका) आली तेव्हा तिच्या कडेनं सायकल ट्रॅक आले. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेनं शहराचा अख्खा सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमाराला भाड्याच्या रंगीत सायकली आल्या आणि दीड-दोन वर्षांत गेल्यासुद्धा.

तर आम्ही अकरा पालक चौकीत गेलो. तिथल्या साहेबांनी आधी "लेखी द्या" म्हटलं, ते दिलं. मग जरा मोकळेपणानं म्हणाले, "मॅडम, 'ट्रॅक मोकळा करा' असं लिहिलंय तुम्ही. कुठून कुठपर्यंत? किती वाजता?" हे आम्हाला सुचलंच नव्हतं. अर्ज पुन्हा लिहिला: अमुक मेडिकलपासून शाळेच्या फाटकापर्यंत, ७०० मीटर, शाळेच्या दिवशी सकाळी ७:१० ते ७:४०. पुढच्या सोमवारी एक हवालदार आले. दोन आठवडे रोज आले. चौथ्या दिवसापासून गाड्या आपोआप पलीकडे लागायला लागल्या. चौदा मुलं रांगेनं सायकलवर, पुढे एक पालक, मागे एक. गुऱ्हाळवाल्यानं स्वतःहून गाडा दीड हात मागे घेतला.

मग गणपती आले. बंदोबस्त लागला, हवालदार गेले. तिसऱ्या दिवशी नऊच्या नऊ गाड्या परत.

माझा प्रश्न एवढाच: पोलीस उभा नसतानाही हे टिकेल असं काय करता येईल? त्यांनी काय करावं आणि आपण काय?

ट्रॅफिकत्रस्त

भाऊ, छान. पण त्या नऊ गाड्या तिथे हौसेनं लावतात का लोक? इमारतींना पार्किंग नाही, रस्त्यावर पी-वन पी-टूचा (सम-विषम तारखांच्या पार्किंगचा) गोंधळ, त्यात हा ट्रॅक काढून रस्ता अरुंद केला. दिवसभरात सायकली जातात किती? आणि सिग्नल तोडण्यात, उलट्या दिशेनं येण्यात सायकलवाल्यांचा हात कोण धरणार? त्यांना चलन का नाही?

तिरकी_चेन

भाऊ नाही, ताई. :)

सायकली कमी जातात हे खरं. पण नऊ गाड्या उभ्या असताना जातील कशा? नदीवर पूल नसताना 'पोहून जाणारे किती आहेत' ते मोजून पुलाची गरज ठरवण्यासारखं आहे हे.

पेन्शनर_बक्कल

ताई, मी वाहतूक शाखेत एकोणीस वर्षं काढली, आता निवृत्त. आमच्या बाजूचं सांगतो.

तुमच्या साहेबांनी बरोबर प्रश्न विचारला. 'कायमस्वरूपी बंदोबस्त द्यावा' असं लिहिलेला अर्ज आमच्याकडे फाईलला लागतो आणि तिथेच पिकतो. चौकात माणसं दोन. त्यातला एक मशीन घेऊन चलन करणार, एकाची कधीही व्हीआयपीला ड्युटी लागणार. कायमचा माणूस कुठून आणायचा? पण 'अर्धा तास, एवढीच जागा, एवढेच दिवस' असं मागितलं की ठाण्याच्या साहेबांना हो म्हणता येतं. तुम्हाला दोन आठवडे मिळाला तो त्यामुळे.

आता चूक कुठे झाली. तुम्ही ओळीनं दोन आठवडे माणूस वापरून संपवला. लोकांना सवय माणसाची लागली, नियमाची नाही. मी असतो तर पहिले चार दिवस रोज, मग आठवड्यातून दोनदा, वार बदलून. कधी येईल सांगता येत नाही अशा हवालदाराचा धाक रोज येणाऱ्यापेक्षा जास्त असतो. हे आम्हाला कुठल्या वर्गात शिकवलं नाही, उन्हात उभं राहून कळलं.

दुसरं, पहिल्या दिवशी चलन करायचं नाही. गाडीच्या काचेवर चिठ्ठी. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिठ्ठी, गाडी नंबरसकट लिहिलेली. तिसऱ्या दिवशी चलन. मग भांडायला येणारा माणूस निम्म्या आवाजात भांडतो. चिठ्ठ्या तुम्ही छापून द्या, लावतील आमची पोरं. तुम्ही स्वतः लावू नका, हातघाईवर येतं.

जुनी गंमत सांगतो. मी भरती झालो तेव्हा सायकलवाला हेच आमचं गिऱ्हाईक होतं. रात्री दिवा नाही, डबलसीट, महापालिकेचा (सायकल कर भरल्याचा) बिल्ला नाही, की धर त्याला. डबलसीटवाला आम्हाला लांबून बघून उतरायचा आणि मित्राशी गप्पा मारत चालल्याचं नाटक करायचा. चाकातली हवा सोडणं ही आमची तत्काळ शिक्षा. आज त्याचं वाईट वाटतं, कारण हवा सोडलेला माणूस बहुतेक कामावर निघालेला असायचा.

वकील_कसब्यातला

कायद्याची बाजू स्पष्ट असावी म्हणून थोडं.

१. ट्रॅकवर गाडी चालवणं. १९८९च्या वाहतूक नियमांत फुटपाथ आणि सायकलींसाठी राखलेल्या मार्गावर, गणवेशातल्या पोलिसाच्या परवानगीशिवाय, गाडी चालवायला मनाई होती. त्यांची जागा २०१७च्या नियमावलीनं घेतली. तीत गाडी उभी करायला मनाई असलेल्या जागांत फुटपाथ आणि झेब्रा क्रॉसिंगच्या जोडीनं सायकल ट्रॅक आहे. अर्जात 'सायकल ट्रॅकवरील पार्किंग' असं स्पष्ट लिहा. नुसतं 'अडथळा' लिहिलं की उत्तर येतं, 'अतिक्रमण विभागाकडे दाद मागावी', आणि तिथून उत्तर येतं 'वाहतूक शाखेकडे'.

२. ट्रॅफिकत्रस्त यांना: सायकल हे मोटार वाहन नाही. तिला नोंदणी क्रमांक नाही, ई-चलनाच्या यंत्रात भरायचं काय?

३. चोरी, हा खरा दुखरा भाग. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांत पाच हजारांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी पहिल्यांदाच करणाऱ्याला, माल किंवा त्याची किंमत परत केल्यास, समाजसेवेची शिक्षा आहे आणि असा गुन्हा अदखलपात्र धरलाय. जुनी सायकल बहुतेक याच रकमेच्या आत बसते. त्यामुळे 'एफआयआर घेत नाहीत' ही तक्रार दर वेळी पोलिसांच्या आळसाची नसते. खरेदीची पावती जपा आणि फ्रेम नंबर लिहून ठेवा. तुमची सायकल पाच हजारांच्या वरची आहे हे सिद्ध करणारा कागद घरात कुणाकडे असतो? माझ्याकडे नाही.

पंक्चर_काढून_मिळेल

वकील साहेब फ्रेम नंबर बोलले म्हणून लिहितो. माझं दुकान आहे. शंभरातल्या नव्वद लोकांना नंबर कुठे असतो ते माहीत नाही. सायकल उलटी करा, सीट आणि हँडलवर उभी. पेडलचा दांडा ज्या नळीतून जातो तिच्या खालच्या अंगाला खोदलेला असतो. चिखल बसलेला असतो, रॉकेलच्या फडक्यानं पुसा. मोबाईलनं फोटो काढा. झालं.

मी दोन वर्षं वही ठेवली आहे. नवी सायकल विकली की नंबर, नाव, फोन. जुनी विकायला कोण आला तर आधी वही बघतो. दोन सापडल्या अशा. एक पेपर टाकणाऱ्या पोराची होती. सगळ्या दुकानवाल्यांनी वही ठेवली आणि चौकीनं महिन्याला एकदा बघितली तर चोराला विकायला शहराबाहेर जावं लागेल.

सखी_उट्रेख्तहून

पंक्चरदादा, दंडवत! इथे हॉलंडमध्ये चोरीच्या सायकलची नोंद फ्रेम नंबरनंच होते आणि जुनी घेताना तो नंबर सरकारी यादीत घालून बघता येतो. तरी चोऱ्या होतातच, गैरसमज नको. माझ्याच दोन गेल्या.

इथले लोक जन्मतः सायकलवाले वगैरे काही नाहीत. साठच्या दशकात इथेही मोटारींसाठी चौक रुंद केले, कालवे बुजवले. १९७१ साली या एवढ्याशा देशात रस्त्यावर तीन हजारांवर माणसं गेली, त्यात चारशेच्या वर मुलं. मग आईबाप रस्त्यावर उतरले, 'मुलांची हत्या थांबवा' असं नावच घेऊन. ताई, तुमचे अकरा पालक त्यावरून आठवले.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट स्वस्तातली आहे. गल्लीच्या तोंडाशी 'प्रवेश बंद'ची गोल पाटी आणि तिच्याखाली छोटी पट्टी: 'सायकली वगळून'. एकेरी रस्ता मोटारींसाठी एकेरी, सायकलला दोन्हीकडून मोकळा. पुण्यात अर्ध्या पेठा एकेरी आहेत. समोरच्या दुकानात जायला सायकलवाल्यानं वळसा घालायचा, तोही पेट्रोलवर नाही, पायांवर. तो उलटा येणारच.

ट्रॅफिकत्रस्त

म्हणजे आता उलटं येणं कायदेशीर करायचं! फर्ग्युसन रस्त्यावर संध्याकाळी समोरून सायकल आली की काय होईल याची कल्पना आहे का उट्रेख्तमध्ये?

सखी_उट्रेख्तहून

फर्ग्युसनवर नकोच. पेठेतल्या आतल्या गल्ल्यांत, जिथे गाडी तशीही वीसच्या वर जात नाही, तिथे.

पेन्शनर_बक्कल

इथे मी ट्रॅफिकत्रस्तांच्या बाजूचा, अर्धा. आपल्याकडे 'सायकली वगळून' लिहिलं की पहिल्या आठवड्यात त्या पट्टीवरून दुचाकी घुसणार. पण कल्पना टाकाऊ नाही. एकेरी वाहतूक, पार्किंगचे दिवस, असले बदल उपायुक्तांच्या तात्पुरत्या आदेशानं होतात आणि ते कायम करण्याआधी नागरिकांच्या हरकती-सूचना मागवतात. पेपरात बारीक अक्षरात येतं. व्यापारी संघटनांची पत्रं येतात, शिक्क्यासकट. सायकलवाल्यांचं एक पत्र आलेलं मी माझ्या नोकरीत पाहिलं नाही. साहेब समोर आहे त्या कागदावर निर्णय घेणार ना?

वकील_कसब्यातला

सहमत. ते आदेश मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५, ११६, ११७ खाली निघतात. त्यात 'सायकली वगळून' हे दोन शब्द घालायला नवा कायदा लागत नाही. आणि ही लेखणी उलटीही चालते हे विसरू नका. कोलकात्यात २०१३ साली पोलिसांनी १७४ रस्त्यांवर सायकललाच बंदी घातली होती, वाहतुकीचा वेग वाढावा म्हणून.

रात्रपाळी

मी एका कंपनीत गेटवर असतो. रात्री दीडला सुटतो, सायकलनं घरी, नऊ किलोमीटर. धागा चांगला आहे पण सगळं शाळा आणि सकाळ चाललंय.

माझी अडचण वेगळी. मागच्या थंडीत नाकाबंदीत तीनदा थांबवलं. सायकल कुणाची, पावती दाखव. सेकंडहँड घेतलेली, पावती कुठली? एकदा पाऊण तास बसवून ठेवलं. बाजूनं गाड्या सुसाट जात होत्या, त्यांना कोण विचारत नव्हतं. दिवा नव्हता माझा, ते चुकलं, मान्य. आता मागे लाल दिवा लावलाय, दीडशे रुपयांचा. पण 'सायकल फ्रेंडली शहर' म्हणजे हेल्मेटवाले रविवारचे लोक एवढंच असेल तर आम्ही त्यात नाही.

सोसायटी_सचिव

रात्रपाळी, वाचून लाज वाटली, कारण आमच्या सोसायटीत दीड वर्षापूर्वीपर्यंत पाटी होती: 'बाहेरील सायकली आत लावू नयेत.' बाहेरील म्हणजे कोणाच्या? वॉचमन, कामाच्या मावशी, पेपरवाला, इस्त्रीवाला. त्यांच्या सायकली रस्त्यावर, विजेच्या खांबाला साखळीनं बांधलेल्या. आणि आत जिन्याखाली सव्वीस सायकली, ज्यांच्या मालकांची मुलं आता अमेरिकेत.

सर्वसाधारण सभेत दोन बैठका भांडण झालं. शेवटी त्या सव्वीसना चिठ्ठ्या बांधल्या, महिनाभरात हलवा नाहीतर देऊन टाकू. एकोणीस गेल्या. मावशींपैकी दोघींनी घेतल्या. मोकळ्या झालेल्या जागेत फॅब्रिकेटरकडून जमिनीत रोवलेला स्टँड केला, ज्याला फ्रेम बांधता येते. (नुसतं चाक अडकवायचे जुने स्टँड घेऊ नका, चाकाच्या तारा वाकतात आणि चोर चाक ठेवून बाकी सायकल नेतो.) 'बाहेरील'ची पाटी काढली. पोलिसांकडे बोट दाखवण्याआधी हे आपल्या फाटकाच्या आतलं.

गोदाकाठ

नाशिकहून. आमच्याकडे सायकलचं वातावरण तयार झालं त्यात एका पोलीस अधिकाऱ्याचा मोठा हात आहे, हरीश बैजल. ते स्वतः सायकलवर. नाशिक-पंढरपूर सायकलवारी त्यातूनच उभी राहिली. पुढे २०१५ साली आमच्या नाशिकच्या महाजन बंधूंनी 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हा तर गल्लीतल्या पोरांनी सायकली पुसून बाहेर काढल्या.

पण सगळं साहेबावर उभं असेल तर साहेबाची बदली झाली की काय? आमच्याकडे टिकलं कारण माणसं जमलेली होती. मुंबईत २०२२च्या मार्चमध्ये पोलीस आयुक्त संजय पांडे यांनी रविवारी सकाळी काही रस्ते गाड्यांना बंद करून लोकांना मोकळे केले होते. छान होतं. पण ज्या रस्त्याची मागणी लोकांनी स्वतः केलेली नसते तो साहेबाबरोबर निवृत्त होतो, असं माझं मत.

बर्मिंगहॅमकर

साहेब सायकलवर बसण्यावरून. आमच्या इथल्या, इंग्लंडमधल्या वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी २०१६ मध्ये एक साधी मोहीम काढली. साध्या कपड्यातला पोलीस सायकलवर. जी गाडी त्याला घासून पुढे जाईल तिचा नंबर तो पुढच्या सहकाऱ्याला वायरलेसवर सांगणार. पुढे गाडी थांबवून रस्त्याकडेला अंथरलेल्या मोठ्या चटईवर चालकाला उभं करायचं. तिच्यावर सायकल आणि मोटार यांच्यात दीड मीटर अंतर किती असतं ते छापलेलं. पंधरा मिनिटं शिकवणी, नाहीतर खटला. हे दीड मीटर २०२२ पासून इथल्या हायवे कोडमध्येही (रस्त्यावरच्या नियमांच्या सरकारी पुस्तिकेत) आलं.

पुण्यात दीड मीटर म्हणजे विनोद वाटेल, मान्य. पण महिन्यातून एकदा ठाण्यातल्या दोघांनी स्वतः त्या ७०० मीटरवर सायकल चालवली तरी पुष्कळ. अर्ज वाचावा लागणार नाही.

पेन्शनर_बक्कल

हे मला पटलं. रात्रपाळी, तुमच्याबाबतीत जे झालं ते बरोबर नाही. एक करा. पंक्चरवाल्यांकडे जाऊन नंबर वहीत घाला, त्यांच्या दुकानाच्या शिक्क्याची चिठ्ठी घ्या, खिशात प्लास्टिकमध्ये ठेवा. नाकाबंदीवरच्या पोराला कागद दिसला की त्याचंही काम सोपं होतं. आणि ताई, तुमचे पालक चौकीत जातील तेव्हा ही वही सोबत न्या. दुकानाच्या चिठ्ठीवर चौकीत सही-शिक्का मिळतो का ते विचारा.

तिरकी_चेन

सगळ्यांचे आभार. (ट्रॅफिकत्रस्त, तुमचेसुद्धा, मनापासून.)

काल पुन्हा चौकीत गेलो. तेरा जण होतो, गुऱ्हाळवाले स्वतःहून आले. बक्कलकाकांचा चिठ्ठीचा प्रकार साहेबांना लगेच पटला, मजकूर त्यांनीच सुधारून दिला. माझ्या 'कृपया'च्या जागी 'सूचना' केलं, म्हणाले, "कृपया लिहिलं की लोक विचार करतात." हवालदार आठवड्यातून दोनदा, वार ते ठरवणार, आम्हाला सांगणार नाहीत. दुकानाच्या वहीला शिक्का द्यायचं अजून नक्की नाही, 'वरून विचारतो' म्हणाले. नऊपैकी पाच गाड्या समोरच्याच इमारतीतल्या निघाल्या. त्यांच्या सचिवांशी रविवारी बोलणं आहे. सोसायटी_सचिव, तुमचा सभेचा ठराव मला पाठवाल का? आणि पेठेतल्या एकेरी गल्ल्यांसाठी हरकती-सूचनांचं पत्र वकीलसाहेब लिहिणार आहेत, त्यांना नकार द्यायची संधी दिलेली नाही.

खुर्चीवाले काका मात्र अजून हललेले नाहीत. पण मुलं आली की पाय आत घेतात.

सोमवारी रांग परत सुरू. मागून चालायला एक मोठं माणूस कमी पडतंय, ७:०५ला मेडिकलसमोर. कोणी आहे?

पेन्शनर_बक्कल

मी येतो. सायकल आहे घरी, माळ्यावर. ब्रेक फक्त पुढचा लागतो.

पंक्चर_काढून_मिळेल

काका, पुढच्या ब्रेकवर मुलांच्या मागून येऊ नका. रविवारी दुकानात आणा. रबरं बदलून देतो, आणि नंबर पण वहीत घालू.